भाऊजींचा टर्किश

आमच्या घरात टर्किश टॉवेलनं कधी कोणी अंग पुसलं नाही. अंग पुसायला पंचा होता, हातपाय पुसायला आईच्या जुन्या साडीचे तुकडे होते, आणि माझं डोकं तर मी नववीत जाईपर्यंत बाबांच्या फाटक्या बनियननं पुसलं जायचं. टर्किश कपाटात राहायचा. डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी होऊन पडलेला असायचा आणि एखाद्या माणसाची लायकी ठरवायची वेळ आली की बाहेर निघायचा.

याला कारण बाबा. बाबा बुलढाण्याला एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. देऊळघाटहून आधी सायकलनं जायचे, गुडघे दुखायला लागल्यावर काळी-पिवळी जीपनं. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टाकायचा, तो बदलायचा, साहेबांची बदली झाली की नव्या साहेबांच्या आधी नवा टर्किश खुर्चीवर पोचवायचा, हे काम त्यांच्याकडे होतं. साहेब दौऱ्यावर असले तरी लोक येऊन त्या टॉवेलला नमस्कार करून जात, असं बाबा सांगायचे. एकदा मोठ्या बाबूंनी घरून टॉवेल आणून स्वतःच्या खुर्चीवर टाकला. दुपारच्या चहाच्या आत तो काढायला लावला गेला, आणि बिचारे बाबू पुढे कित्येक दिवस पाठ न टेकता बसले. हे सगळं पाहून बाबांचं जगाबद्दलचं मत पक्कं झालं होतं. टर्किशवाले एकीकडे आणि बाकीचे एकीकडे.

टर्किश म्हणजे काय, हे मी लहानपणी विचारलं होतं. तुर्कस्तानातून येतो का?

"तुर्कस्तानातून काऊन येईन? सोलापुरातून येते," बाबा म्हणाले. मग त्यांनी मला जवळ बसवून धडा दिला. ज्या कापडावर धाग्याचे बारीक बारीक फासे उभे असतात, न कापलेले, अख्खे, तो टर्किश. ते फासे पाणी पितात. जितका फासा उभा, तितकं पाणी जास्त. आणि खरा टर्किश ओळखायची परीक्षा म्हणजे नखानं एक फासा उचलून पाहायचा. उचलला गेला तर खरा. बाबांनी त्यासाठी उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलं होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक टर्किशवर एक धागा वर आलेला असायचा. टॉवेल चांगला आहे हे सिद्ध करायला बाबा आधी तो खराब करायचे. पाणी पितो की नाही, हे मात्र कधीच कोणी पाहिलं नाही. पाण्याजवळ नेला तर खराब होईल ना!

हळूहळू तो शब्द कापडावरून उतरून घरभर फिरायला लागला. चहा जमला की "टर्किश झाला". भाकरी चांगली फुगली की टर्किश. शेजारचे एक काका गोड बोलून शेतातलं पाणी आपल्याकडे वळवून घ्यायचे, ते "गुळगुळीत". मी नर्सिंगची परीक्षा पास होऊन चिखलीच्या एका दवाखान्यात लागले तेव्हा बाबा गावभर सांगत सुटले, "पोरगी टर्किश निघाली." मी इतका अभ्यास केला आणि शेवटी टॉवेल ठरले. असा राग आला होता!

तर ताईच्या लग्नात बाबांनी भाऊजींना टर्किश दिला. ताई माझी मोठी बहीण, दिली जानेफळला. भाऊजींचं तिथे खतं-बियाण्यांचं दुकान आहे. "जवाई म्हणजे घरचा साहेब," बाबा म्हणाले, आणि भर मांडवात त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकून करंगळीच्या नखानं फासा उचलून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, पुष्पवर्षाव झाला, पण भाऊजींच्या लक्षात राहिला तो धागा. पुढे आमच्याकडे कुठलंही कार्य असलं की ते मांडवात ताठ मान करून बसायचे आणि खांदा जरा पुढे काढायचे. आमच्या लग्नपत्रिकेवर ठळक अक्षरात छापलेलं असतं, 'कृपया आहेर आणू नये, मानपान केला जाणार नाही'. भाऊजी ती पत्रिका कौतुकानं वाचून खिशात ठेवायचे आणि खांदा पुढे काढायचे.

मग दादाचं लग्न आलं. दादा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, भाऊजींचा टॉवेल मी आणतो, तुमच्या सोलापुरीपेक्षा भारी. मॉलमधून आणला. मोरपंखी रंगाचा, जाड, आणि वरून अगदी मखमल. हात फिरवला की रंग बदलायचा. आई दोनदा हात धुऊन आली आणि मग त्याला शिवली.

विहारासमोरचा मांडव भरलेला. भाऊजी पुढच्या खुर्चीवर, खांदा तयार. बाबांनी टॉवेल टाकला आणि सवयीनं करंगळी लावली. नख सरकलं. पुन्हा लावली, पुन्हा सरकलं. बाबांनी चष्मा वर केला, टॉवेल डोळ्यांजवळ नेला, म्हणजे भाऊजींचा खांदाच डोळ्यांजवळ ओढला, आणि तिसऱ्यांदा नख घासलं. फासा नाहीच. माईकवाला शेजारी उभा होता. माझे बाबा आयुष्यात खोटं बोलले नाहीत, आणि नेमकं त्या दिवशीही बोलले नाहीत.

"हे तं टर्किश नाही!"

हे अख्ख्या देऊळघाटनं ऐकलं. विहाराच्या मागच्या गल्लीत ज्यांना आमंत्रण नव्हतं त्यांनीही ऐकलं. व्हिडिओ शूटिंगवाल्यानं ते टिपलं आणि पुढे त्यावर फुलं पडताना दाखवून संथ गतीनं दोनदा घातलं.

भाऊजी उठले. आवाज चढवला नाही, हे त्यांचं वाईट आहे. ओरडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. "मामा, नाही तं नाही," ते म्हणाले. "पण सांगाची गरज होती का?" आणि टॉवेल काढून फेकतील असं वाटलं, तर त्यांनी तो नीट घडी करून बगलेत मारला. पुरावा म्हणून. जेवणाच्या पंगतीकडे पाठ फिरवून ते मोटारसायकलकडे निघाले.

आई भरलेलं ताट घेऊन त्यांच्यामागे पळाली. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं पदर आवरत, आणि ताटातली बुंदी रस्त्यावर सांडतेय. "जवाईबापू, दोन घास खाऊन जा हो! जवाईबापू!" भाऊजींनी गाडीला किक मारली. ताई पंगतीत नुकतीच बसली होती. तिनं ताट तसंच ठेवलं, हात न धुता उठली आणि मागे जाऊन बसली. गेले.

त्यानंतर ताई माहेरी आली नाही. फोन यायचा. व्हिडिओ कॉलवर ती आईला घरातली भांडी, गुलाबाची कुंडी, नवा कुकर, सगळं दाखवायची. पण "येतेस का?" म्हटलं की "हे येत नाहीत, मी कशी येऊ माय?" एवढंच. आईचं जेवण कमी झालं. ताईच्या आवडीची भाजी केली की ती स्वतः खायची नाही, आणि आम्ही खाल्ली की आमच्याकडे अशी बघायची की घास अडकायचा. तिला तिची पोर दारात उभी पाहिजे होती, बाकी जगातलं काही नको होतं. मला हे बघवत नव्हतं. आणि याच्या मुळाशी एक टॉवेल आहे, हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

दवाखान्यात एकदा सोबतच्या नर्सनं विचारलं, "तुझी बहीण का येत नाही?" मी सांगितलं, भांडण आहे. कशावरून? मी म्हटलं, जमिनीवरून. तेवढीच घराण्याची इज्जत राहिली.

समजूत काढायला आत्याच्या यजमानांना जानेफळला पाठवलं. ते स्वतः आमच्या घरचे जुने जावई. तिथून परत आले ते भाऊजींच्या बाजूनं होऊन. "त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मांडवात गेलेला मान मांडवातच परत भेटला पाहिजे. तसेच लोक पाहिजे, माईक पाहिजे, अन् टर्किश खरा पाहिजे. अन् माह्या टायमाले तं मले पंचाच दिला होता, ते बी निघू द्या मग आता." बाबांनी घाईघाईनं विषय बदलला.

पण मांडव म्हणजे लग्न पाहिजे. आणि घरात लग्नाचं कोण उरलं होतं? मी.

तोपर्यंत मला कोणी घाई केली नव्हती. आता आई माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणायची, "तुह्यं जमलं म्हणजे ताई येईन वं." लोकांच्या मुली संसारासाठी उजवतात. मला टॉवेलसाठी उजवायला निघाले होते. मी चिडायचे, भांडायचे. आणि मग आईचं अर्धं राहिलेलं ताट दिसलं की गप्प बसायचे.

खरं तर मला एक मुलगा आवडत होता. अमडापूरचा, आमच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये औषधं द्यायचा. हळू बोलायचा आणि कोणाचंही अक्षर वाचू शकायचा. त्याचं म्हणणं, नोंदणी पद्धतीनं लग्न करू, मांडव नको, जेवणावळी नकोत. माझंही अगदी तेच म्हणणं होतं. मग मला त्याला सगळी हकीकत सांगावी लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे मले बी देतीन का टर्किश?"

"तू जावई होशील. देतील."

"मले पंचा चालते," तो म्हणाला. त्याच क्षणी मी ठरवलं की याच्याशीच लग्न करायचं.

तोडगा असा निघाला की नोंदणी बुलढाण्याला होईल आणि दुसऱ्या दिवशी देऊळघाटला दारासमोर मांडव पडेल. लग्नाचा नाही. टॉवेलचा. मांडववाल्यानं विचारलं, कार्यक्रम कोणता लिहू? बाबा म्हणाले, सत्काराचा लिही.

टॉवेल आणायला बाबा बुलढाण्याच्या दुकानात गेले. त्यांनी इतक्या टॉवेलांचे फासे उपसले की मालकानं त्यांना हात मागे बांधून बघायची अट घातली. शेवटी एक पांढराशुभ्र, खुर्चीवर शोभेल असा निवडला. घरी आणल्यावर आईला धीर धरवेना. मांडवात फासा निघाला नाही तर? तिनं गुपचूप परीक्षा घेतली. फासा निघाला. पण मग आधीच निघालेला धागा बघून भाऊजी म्हणतील, वापरलेला दिला. म्हणून बाबा पुन्हा दुकानात गेले आणि अगदी तसाच दुसरा आणला. मालकानं दुकानातल्या पोरांना बोलावून बाबा दाखवले.

नोंदणीच्या दिवशीही बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी सही करत होते, साहेब कागद बघत होते, आणि बाबा साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या पाठीवरच्या टॉवेलला नख लावत होते. साहेबांना वाटलं, मुलीचा बाप भावुक होऊन खांद्यावर हात ठेवतोय. त्यांनी वळून बाबांचा हात धरला आणि धीर दिला.

मग तो दिवस उगवला. तेच लोक बोलावले होते, तोच माईकवाला, तोच शूटिंगवाला. आत्याचे यजमान पुढच्या रांगेत स्वतःचा खांदा पुढे काढून बसले होते. माझा नवरा कोपऱ्यात उभा होता आणि कोणी ओळखत नसल्यामुळे लोक त्याच्याकडे पाणी मागत होते. तोही आणून देत होता.

जानेफळची गाडी आली. भाऊजी उतरले, हातात एक पिशवी. मागून ताई उतरली. ती वाळली होती. उंबऱ्यापाशी येऊन ती थांबली, ओलांडला नाही. आई दारात आतल्या बाजूला, ताई बाहेरच्या. मध्ये लाकडाची चार बोटं उंच पट्टी. मान परत मिळेपर्यंत कोणी आत जायचं नाही, असं आधीच ठरलेलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला सगळ्या मांडवाचा संताप आला.

भाऊजी खुर्चीवर बसले. बाबांनी टॉवेल टाकला. माईकवाल्यानं माईक धरला. बाबांनी करंगळी लावली.

फासा निघेना.

टॉवेल खरा होता. हात खरा राहिला नव्हता. बाबा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता आणि त्या सकाळपासून त्यांची बोटं थरथरत होती. नख फाशावरून घसरायचं, पुन्हा लागायचं, पुन्हा घसरायचं. अख्खा मांडव श्वास धरून एका करंगळीकडे बघत होता. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. माईकमधून बाबांच्या नखाचा खरखर आवाज गावभर जात होता.

"मामा, असू द्या," भाऊजी शेवटी हळूच म्हणाले. त्यांनी पिशवीतून तो मोरपंखी टॉवेल काढला. पुरावा. भर मांडवात परत करायला ते तो आणणार होते, हे आम्हाला माहीत होतं. पण त्यांनी तो बाबांच्या हातात दिला आणि उलटा केला. "मांगच्या बाजूनं पाहा."

मागच्या बाजूला फासे होते. उभे, दाट, न कापलेले. मखमल फक्त एका अंगाला होती. तो टॉवेल पहिल्या दिवसापासून टर्किश होता.

"तुम्हाले मालूम होतं?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या धुण्यातच समजलं," भाऊजी म्हणाले. "पण मांडवात नाही म्हणलं होतं मामा. ते घरी बसून कसं फिटंन?"

मांडवातल्या सगळ्या माना हलल्या. बरोबर आहे, कसं फिटेल? एकाही माणसाला यात काही वेडेपणा दिसला नाही. बाबांनी माईक ओढला आणि जाहीर केलं, "हे टर्किश आहे!" टाळ्या पडल्या. माईकवाल्यानं आनंदानं बासरी लावली.

टाळ्या चालू असतानाच आई आतून भरलेलं ताट घेऊन धावत आली आणि सरळ भाऊजींकडे निघाली. "जवाईबापू, आता तं दोन घास..."

"माय."

ताई अजून उंबऱ्याच्या बाहेरच होती. आई थांबली.

"त्या दिवशी बी तू ताट घेऊन ह्यायच्याच मांगं पळाली," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माईक चालू होता. "मी बी उपाशीच गेली होती माय. मले कोणी थांब म्हणलं नाही."

बासरी बंद झाली. भाऊजींनी मान खाली घातली. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, की तो मध्यस्थ, ते दुकान, तो मांडव, माझं लग्नसुद्धा, सगळं भाऊजींच्या खांद्यासाठी झालं होतं. ताईला 'तुला काय झालं' असं आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं, राग फक्त तिच्या नवऱ्याला आहे.

आई ताट घेऊन परत फिरली. ताईजवळ आली आणि उंबऱ्यावरच बसली. ताईला हाताला धरून शेजारी बसवलं. पहिला घास तिच्या तोंडात दिला, तसं ताईला रडू फुटलं. तोंडात घास आणि डोळ्यांतून धारा. आईनं पुसायला काहीतरी हवं म्हणून मागे हात केला. जवळ बाबा उभे होते. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावरचा पांढरा टर्किश काढला आणि आईच्या हातात दिला.

आईनं त्यानं ताईचं तोंड पुसलं. डोळे, गाल, हनुवटीवरची डाळ, सगळं. तो कोरा पांढरा टॉवेल पिवळा झाला आणि कोणी हरकत घेतली नाही. मग तिनं त्याच टॉवेलनं स्वतःचे डोळे पुसले आणि दुसरा घास केला.

बाबा वाकून बघत होते. "पाहा," ते मला म्हणाले. "पाणी पिते."